अत्तराचं ‘योग्य’ नाव कसं शोधायचं?

पेट किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणारी बरीच मुलं एकाच ठिकाणी अडकतात. विषय असतो, प्रश्न नसतो. "मला सुगंधी तेलांवर काम करायचंय" हा झाला विषय. समितीतले सर विचारतात, "बरं, मग नेमकं काय शोधणार?" आणि तिथे शांतता पसरते. म्हणून आज मी अगदी बाजारातला एक प्रश्न घेते आणि त्याचा संशोधन-प्रश्न कसा होतो ते दाखवते. प्रश्न असा: नवीन अत्तर तयार झालंय, त्याला योग्य नाव कोणतं?

तुम्ही म्हणाल, हे काम जाहिरातवाल्यांचं, आपलं विज्ञानवाल्यांचं इथे काय? मी रसायनशास्त्राची, वनस्पतींमधल्या उडून जाणाऱ्या संयुगांवर काम करते. जीसी-एमएस यंत्रात वाळ्याचं तेल सोडलं की आलेखावर शिखरं येतात. बाटलीवर ‘वाळा’ लिहिलंय की ‘स्वर्गसुख’, यानं त्यातलं एकही शिखर जागचं हलत नाही. नाकाचं मात्र तसं नाही. आणि हे कुणी हवेत सोडलेलं विधान नाही, मोजून दाखवलेलं आहे.

२००१ साली ‘पर्सेप्शन’ या नियतकालिकात रॅचेल हर्झ आणि जूलिया फॉन क्लेफ यांचा एक शोधनिबंध आला. त्यांनी पाच वास घेतले होते. त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे आयसोव्हॅलेरिक आणि ब्युटिरिक या दोन आम्लांचं मिश्रण. प्रयोगशाळेत ब्युटिरिक आम्लाची बाटली ज्यांनी एकदा तरी उघडलीय त्यांना सांगायला नको. खवट लोणी, आणि त्याच्याही पलीकडचं बरंच काही. आयसोव्हॅलेरिक म्हणजे दिवसभर घातलेले पायमोजे. हे मिश्रण सहभागी लोकांना एकदा ‘परमेसान चीज’ म्हणून हुंगायला दिलं आणि एकदा ‘उलटी’ म्हणून. द्रव तोच, प्रमाण तेच. चीज म्हटल्यावर वास चालण्यासारखा वाटला, उलटी म्हटल्यावर किळस आली. पॅचुलीचं तेल एकदा ‘धूप’ झालं, एकदा ‘कुबट तळघर’. मेंथॉल एकदा तोंडात ठेवायची पुदिन्याची गोळी झालं, एकदा छातीला चोळायचं औषध.

निष्कर्ष मजेशीर आहे, पण तुम्ही इथे थांबून रचना बघा. समजा एकाच बैठकीत दोन्ही नावं दिली असती, तर कुणीतरी म्हणालंच असतं, "अहो, हा तर मघाचाच वास आहे!" म्हणून दोन बैठकांमध्ये आठवड्याचं अंतर ठेवलं. आणि दोन्ही वेळा माणूस तोच, म्हणजे प्रत्येकाची तुलना स्वतःशीच झाली. पद्धतीशास्त्राच्या पेपरला आपण ‘विदिन-सब्जेक्ट डिझाइन’ची व्याख्या पाठ करतो ना, तिचा उपयोग इथे कळतो. नाकानाकांत प्रचंड फरक असतो. कुणाला सर्दी, कुणाचं नाक मुळातच तिखट, कुणाला काही रेणू हुंगताच येत नाहीत. दोन वेगळे गट घेतले असते तर या सगळ्या गोंगाटात नावाचा परिणाम हरवून जाण्याचा धोका होता.

आता एक शंका यायला हवी. आली नसेल तर परत एकदा वाचा. लोकांनी दिलेले गुण बदलले, पण वास खरंच वेगळा *जाणवला* की लोकांनी फक्त नावाला साजेसं उत्तर दिलं? ‘उलटी’ लिहिलेल्या पट्टीला दहापैकी आठ गुण द्यायला माणूस कचरणारच. चार लोकांसमोर विचित्र दिसायला कुणाला आवडतं? हीच शंका घेऊन इव्हान डी अराउजो, एडमंड रोल्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘न्यूरॉन’मध्ये काम प्रसिद्ध केलं. लोकांना एफएमआरआय यंत्रात झोपवून चेडर चीजची छटा असलेलं आयसोव्हॅलेरिक आम्ल हुंगायला दिलं आणि पडद्यावर कधी ‘चेडर चीज’ तर कधी ‘अंगाचा वास’ असे शब्द दाखवले. शब्दाबरोबर गुण तर बदललेच, शिवाय डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेल्या ऑर्बिटोफ्रंटल भागातली हालचालही बदलली. हा भाग वास किती सुखद वाटतो याच्याशी जोडलेला आहे.

पण मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यांनी त्याच शब्दांबरोबर नुसती स्वच्छ हवाही दिली. वास काहीच नाही, फक्त नाव. तिथेही नावाचा थोडा परिणाम दिसला, पण खरा वास असताना दिसला त्यापेक्षा कमी. हे स्वच्छ हवेचं प्रकरण लक्षात ठेवा. पुढे आपला सगळा प्रयोग त्यावरच उभा राहणार आहे.

मग कुठलंही गोड नाव चिकटवलं की झालं?

नाही ना. हर्झ यांच्या जोड्या पुन्हा बघा. ब्युटिरिक आम्ल परमेसानमध्ये खरोखर असतं आणि उलटीतही खरोखर असतं. मेंथॉल गोळीतही आणि मलमातही. दोन्ही नावं त्या वासाला *शोभू शकतात*. त्याच आम्लावर ‘मोगरा’ अशी चिठ्ठी लावली असती तर लोकांना चिठ्ठी चुकलीय एवढंच कळलं असतं, असं माझं मत. त्याच वर्षी, २००१ मध्येच, हान्स डिस्टेल आणि रॉबिन हडसन यांनी ‘केमिकल सेन्सेस’मध्ये दाखवलं की वास कशाचा आहे हे माहीत असेल तर रोजच्या वापरातल्या वस्तूंचे वास अधिक तीव्र वाटतात. सांगितलेलं नाव वासाशी जुळतंय असं ज्यांना वाटलं, त्यांच्या बाबतीत हे ठळकपणे दिसलं. म्हणजे नाव काम करतं, पण वासात त्या नावाला जागा असेल तेव्हा.

आणि ही जागा प्रत्येकाच्या नाकात वेगळी असते. बी.एस्सी.ला एस्टरिफिकेशनचं प्रात्यक्षिक केलं असेल तर आठवा. सॅलिसिलिक आम्ल, मिथेनॉल, वर सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब, जरा गरम केलं की मिथाइल सॅलिसिलेट तयार होतं आणि अख्खी बॅच एका सुरात म्हणते, "बाम!" अमेरिकेत हाच रेणू च्युइंगम आणि गोळ्यांमधून लहानपणापासून भेटतो. १९६० आणि १९७०च्या दशकांतल्या अभ्यासांत ब्रिटिश लोकांनी याच वासाला नापसंतीच्या टोकाला बसवलं होतं आणि अमेरिकी लोकांनी पसंतीच्या. एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की ब्रिटनमधल्या त्या पिढीसाठी तो दुखण्यावरच्या औषधाचा वास होता. त्या रेणूच्या अत्तराला ‘गोळ्यांची बरणी’ हे नाव शिकागोत चालेल. आपल्याकडे आजीचे गुडघे आठवतील.

जाता जाता भाषेचा मुद्दा. वासांना नावं देणं माणसाला जमतच नाही असं बरीच वर्षं मानलं जायचं. कारण इंग्रजीत बहुतेक वेळा "अमुकसारखा वास" असंच म्हणावं लागतं. आसिफा मजीद आणि निकलस बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये मलाय द्वीपकल्पातल्या जहाई लोकांवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यांच्या भाषेत वासांसाठी स्वतंत्र शब्द आहेत, आणि ते लोक रंगांइतक्याच सहजपणे वासांना नावं देतात. आता मराठी आठवा: खमंग, खवट, कुबट, करपट, आंबूस, कुजट, उग्र. ‘कुबट’ म्हणजे कशासारखा, असं आपल्याला विचारावं लागत नाही. आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर येणाऱ्या वासाला तर आपल्याकडे ‘मृद्गंध’ हा स्वतंत्र शब्दच आहे. इंग्रजीला त्यासाठी १९६४ पर्यंत थांबावं लागलं. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये ग्रीक शब्द जोडून ‘पेट्रिकोर’ घडवला. याच निबंधात त्यांनी उत्तर भारतातल्या ‘मिट्टी का अत्तर’चाही उल्लेख केलाय. भाजलेल्या मातीतून तो वास चंदनतेलात उतरवणाऱ्या अत्तारांना वेगळं नाव शोधावंच लागलं नव्हतं. माती आहे, तर मिट्टी.

हे अत्तारांचं जुनं शहाणपण आहे खरं. गुलाब, मोगरा, केवडा, खस: ज्याचं अत्तर त्याचं नाव. पण आज कुणी नवीन बाटली बाजारात आणली तर हा रस्ता अर्धा बंद आहे. आपल्या व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम ९ प्रमाणे मालाचं नुसतं वर्णन करणारं चिन्ह सहसा नोंदवता येत नाही. मोगऱ्याच्या अत्तरासाठी ‘मोगरा’ हा शब्द एकट्या कुणाच्या मालकीचा कसा करणार, उद्या शेजारचा अत्तार काय लिहील? आणि केवड्याचा लवलेश नसताना ‘केवडा’ म्हणायचं, तर त्याच कलमात ग्राहकाला फसवणाऱ्या चिन्हांनाही मनाई आहे. फ्रान्समध्ये तर भांडण वासापर्यंतही गेलं नाही. ईव्ह सँ लोराँने १९९३ मध्ये ‘शँपेन’ नावाचं अत्तर आणलं, तिथले शँपेन उत्पादक न्यायालयात गेले आणि जिंकले. नंतर ते अत्तर ‘इव्रेस’ झालं. याच घराण्याच्या १९७७ च्या ‘ओपियम’वर अमेरिकेतल्या चिनी वंशाच्या लोकांनी निदर्शनं केली होती, कारण अफू त्यांच्या इतिहासातली जखम आहे. अत्तर खपलं मात्र जोरात. १९८५ मध्ये डिऑरने आपल्या अत्तराला सरळ ‘पॉयझन’ म्हणजे विष म्हटलं, तेही खपलं.

आता बघा, एका ‘योग्य’ या शब्दाखाली आपण किती गोष्टी कोंबल्या: वास सुखद वाटणं, तीव्र वाटणं, वासाशी जुळणं, लक्षात राहणं, कायद्यात बसणं, कुणाला न दुखावणं, खपणं. ‘पॉयझन’ खपण्याच्या निकषावर योग्य आणि सुखद वाटण्याच्या निकषावर कदाचित अयोग्य. मुलाखतीत "योग्य नावाचा परिणाम अभ्यासणार" असं म्हणालात तर पहिला प्रश्न येईल, "योग्य म्हणजे काय मोजणार?" यातलं एक निवडा. मी इथे सुखदपणा निवडते, १ ते ९ गुणांच्या मोजपट्टीवर. बाकीचं सोडून दिल्याचं वाईट वाटून घेऊ नका, प्रत्येक मोजमाप म्हणजे वेगळा प्रबंध आहे.

आता अत्तर निवडू. मी वाळा घेईन. कारण वाळ्याचा वास दोन्हीकडे झुकू शकतो: ओली माती, गार पाणी असाही आणि कोंदट, मुळांसारखा असाही. हर्झ यांच्या अटीत तो बसतो. नावं समजा ‘पहिला पाऊस’ आणि ‘बंद खोली’. साठ विद्यार्थी गोळा केले, प्रत्येकाने आठवड्याच्या अंतराने दोन्ही नावांसह वाळा हुंगला, पेअर्ड टी-टेस्ट केली, पी ०.०५ पेक्षा खाली आला. झालं काम?

‘पहिला पाऊस’ हे शब्दच गोड आहेत. कोऱ्या कागदाच्या पट्टीवर लिहून दिले तरी माणूस हसून एक गुण जास्त देईल. मग आपण वास मोजला की शब्द? म्हणून मघाची स्वच्छ हवा. एक पट्टी कोरी ठेवायची, एक वाळ्याची, आणि एक अशा वासाची जो सगळ्यांना आधीच आवडतो आणि पटकन ओळखू येतो, म्हणजे मोगऱ्याची. तिन्हींवर सगळी नावं फिरवायची. शिवाय एक निर्नाव खूण लागते, तीन आकडी क्रमांक म्हणा, ४१७ वगैरे. गंमत अशी की जगातल्या सर्वांत प्रसिद्ध अत्तराचं नाव अशीच नमुन्याची खूण आहे. १९२१ मध्ये एर्नेस्ट बो यांनी क्रमांक घातलेले नमुने समोर ठेवले, गाब्रिएल शानेल यांनी पाचवा उचलला, आणि ते ‘शानेल नंबर ५’च राहिलं. त्यामुळे तुमच्या प्रयोगात ५ हा आकडा तेवढा वापरू नका.

आता मुख्य मुद्दा, आणि तो आकड्यांनीच नीट कळतो. हे आकडे फक्त समजावण्यासाठी मी मनाने घेतलेत. समजा ४१७ या खुणेखाली वाळ्याला सरासरी ५ आणि मोगऱ्याला ७ गुण मिळाले. ‘चांदणं’ हे नाव लावल्यावर वाळा ६ झाला, मोगरा ८ झाला, कोरी पट्टीसुद्धा एकाने वर गेली. म्हणजे ‘चांदणं’ सगळ्यांना एकेक गुण वाटत सुटलंय. ते *सुंदर* नाव आहे. याला नावाचा मुख्य परिणाम म्हणतात, मेन इफेक्ट. आता ‘माठ’ हे नाव घ्या. शब्द म्हणून त्यात काही चमक नाही, उलट कुणाला बावळट म्हणायचं असलं तर आपण तोच वापरतो. पण ‘माठ’ लावल्यावर वाळा ५ चा साडेसहा झाला आणि मोगरा ७ वरून ६ वर घसरला. कोरी पट्टी जागच्या जागी. हे नाव फक्त वाळ्यावरच चढतं, कारण उन्हाळ्यात माठात टाकलेली वाळ्याची जुडी आपल्या नाकाला आठवते. असा परिणाम म्हणजे इंटरॅक्शन. नावाचा परिणाम किती, हे वास कोणता यावर अवलंबून. ‘योग्य नाव’ या बाजारातल्या शब्दाचं संशोधनातलं भाषांतर करायचं तर ते हेच आहे: नाव आणि वास यांचं इंटरॅक्शन. नेटच्या पेपरला टू-वे अनोव्हातली ती तिसरी ओळ आपण बऱ्याचदा नुसती पाठ करतो. इथे मात्र ती ओळच आपला प्रश्न आहे, पहिल्या दोन ओळी फक्त वाटेतल्या.

आता दुसरी अडचण, आणि माझ्या मते ही जास्त मुलं विसरतात. साठ जण आणि दोन नावं, म्हणजे निरीक्षणं १२०. पण नावं किती? दोनच. १९७३ मध्ये हर्बर्ट क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने भाषेवरच्या प्रयोगांमधली ही चूक नेमकेपणाने दाखवली. आपण माणसांना नमुना मानतो, शब्दांना मात्र मानत नाही. ‘पहिला पाऊस’ जिंकलं तर कळतं इतकंच की *हे* नाव *त्या* नावापेक्षा सरस ठरलं. "ओल्या मातीची आठवण देणारी नावं वाळ्याला शोभतात" हे विधान करायचा अधिकार अजून मिळालेला नाही. साठाचे सहाशे विद्यार्थी केले तरी मिळणार नाही, कारण नावं दोनच राहतात. ‘बंद खोली’मधला ‘बंद’ हा एकच शब्द सगळा निकाल फिरवत असेल.

उपाय कंटाळवाणा आहे, पण सोपा आहे. नावांचीही यादी करा. मातीपाण्याकडची आठ: पहिला पाऊस, माठ, पेरणी, विहीर, नांगरट, पाणपोई, ओटीवरचा गारवा, पाट. कोंदट बाजूची आठ: बंद खोली, तळघर, ओलं पोतं, जुनी फाईल, अडगळ, पावसाळी बूट, कुलूप, माळा. ‘वाळ्याची ताटी’सारखी नावं टाळा, त्यात उत्तरच सांगितलंय. प्रत्येक व्यक्तीला या सोळांतली चारच नावं यदृच्छेने येऊ द्या. विश्लेषणात मिश्र प्रतिमान वापरा, ज्यात व्यक्ती आणि नाव दोन्ही यादृच्छिक घटक असतील. ‘आर’मध्ये एलएमई४ हे पॅकेज त्यासाठीच आहे. त्याआधी ही सोळा नावं वेगळ्या वीस-पंचवीस लोकांना वासाशिवाय दाखवून शब्द म्हणून किती आवडतात ते विचारून ठेवा. मग ‘कुलूप’ का पडलं याचा अंदाज बांधता येतो.

बाकी तपशील पटापट सांगते. पट्ट्या देणाऱ्याला कुठल्या पट्टीवर काय आहे हे माहीत नसावं, कारण चेहरा बोलतो. पट्टीवर अत्तर मोजून टाका, थेंब अंदाजाने नको. खोली हवेशीर हवी. दोन वासांमध्ये मिनिटभर थांबा, नाक लवकर सरावतं. अत्तराच्या दुकानात नाक ‘ताजं’ करायला कॉफीच्या बिया ठेवतात ना, त्यावर २०११ मध्ये अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला होता. कॉफी, लिंबू आणि साधी हवा यांत काही फरक सापडला नाही. तेव्हा खिडकी उघडा, कॉफी प्यायला ठेवा. आणखी एक: सुखद वाटणाऱ्या वासाचा माणूस खोल श्वास घेतो, नकोशा वासाचा उथळ. म्हणजे ‘तळघर’ वाचून कुणी कमी हुंगलं तर त्याच्या नाकात रेणूच कमी गेले! हुंगण्याचा वेळ सगळ्यांना सारखा ठरवून द्या, घंटा वाजेपर्यंत. यानं प्रश्न पूर्ण सुटत नाही, पण मर्यादांच्या प्रकरणात लिहायला प्रामाणिक वाक्य मिळतं.

नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. "अत्तर तर आहे" म्हणून ती सुटत नाही. दमा असलेल्यांना आणि सुगंधाची ॲलर्जी असलेल्यांना वगळा, सर्दी असलेल्यांना पुढची तारीख द्या. तुम्ही लोकांना एकच द्रव वेगवेगळ्या नावांनी देणार आहात, म्हणजे काही काळ त्यांच्यापासून सत्य लपवणार आहात. शेवटी बसवून सगळं सांगायचं, आणि हे आधीच अर्जात लिहायचं.

राहिला नमुना. वसतिगृहातली मुलं हाताशी असतात, त्यामुळे निम्मे प्रबंध त्यांच्यावरच उभे असतात. या प्रश्नासाठी मात्र त्यांचा एक फायदा आहे, कारण ती गावोगावहून आलेली असतात. घरी उन्हाळ्यात वाळा कुठे असायचा, हा एक प्रश्न अर्जात घाला. पुण्या-साताऱ्याकडच्या मुलीच्या आठवणीत तो माठात असेल, तर तिच्यासाठी ‘माठ’ चढायला हवं. नागपूरच्या मुलानं वाळा कूलरच्या ताट्यांवर पाणी पडल्यावर हुंगलेला असेल, तर त्याच्यासाठी ‘माठ’ फिकं पडून ‘कूलर’ नावाखालच्या पट्टीला जास्त गुण जायला हवेत. आणि ज्यानं घरी वाळा कधी पाहिलाच नाही, त्याच्यासाठी दोन्ही नावं ४१७ इतकीच मुकी असायला हवीत. हे तीनही अंदाज पट्ट्या कापायच्या आधी, तारीख घालून लिहून ठेवा आणि मार्गदर्शकांना पाठवून द्या. आणि हो, यादीत ‘कूलर’ घालायचं विसरू नका, मी वरच्या आठांत ते घातलेलं नाही.